कल्पित गावाची वेस

कल्पित गावाचा नकाशा हा साहित्यविचाराच्या कक्षेत येणारा विषय आहे काय, अशी शंका सकृद्दर्शनी कोणालाही येईल. नकाशा ही भूमापनाची बाब. आणि जे गाव अस्तित्वातच नाही त्याचा नकाशा हा तर पोरखेळ, असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. परंतु अद्भुतकथेच्या वाचनव्यवहारात नकाशाला आज जे स्थान मिळाले आहे ते पाहता ही सोपी वाट टाळलेली बरी. १९९३ मध्ये 'कॅम्पेन कार्टोग्राफर' ही संगणकप्रणाली आली. पुढे 'वंडरड्राफ्ट', 'इंकारनेट' यांसारख्या प्रणालींनी हे काम इतके सुलभ केले की, चित्रकलेचा गंध नसलेल्या व्यक्तीलाही अर्ध्या तासात एक गाव वसवता येते. 'वाताबू' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालीकाराने तर तेवढाही वेळ शिल्लक ठेवलेला नाही: कळ दाबली की गाव तयार, पुन्हा दाबली की दुसरे गाव. गाव वसवणे इतके स्वस्त झाल्यावर ते वसवणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही, हा नीतिशास्त्रीय प्रश्न आहे. आणि तो साहित्याच्या स्वरूपाविषयीच्या एका जुन्या वादाशी जोडलेला आहे.

प्रश्न मूर्त व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पावे. फणसवाडीतल्या एखाद्या चाळीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, एक तरुणी आपल्या पहिल्या अद्भुतकथेसाठी गावाचा नकाशा करायला बसली आहे. 'गाव' हा शब्द तिच्या घरात रोजच्या वापरातला आहे. गिरगावातल्या असंख्य कुटुंबांप्रमाणे तिच्याही कुटुंबाचे एक गाव कोकणात आहे. मे महिन्यात आणि गणपतीत जिथे जायचे ते. म्हणजे जे ती कल्पिणार आहे ते अगदीच निराधार नाही. किंबहुना चाळीत सांगितले जाणारे गाव हे आधीच अर्धे कल्पित असते. त्यातला फणस नेहमी अधिक गोड असतो आणि भावकीतला तंटा सोयीपुरताच आठवतो.

प्रणाली तिला प्रथम कागदाचा आकार विचारते. मग जमीन: गवत, माती, वाळू, पाणी. ही कुंचल्याने पसरायची. नंतर ठसे येतात. उतरत्या छपरांची लाकडी घरे, पवनचक्की, छोटे चर्च, सराई, लोहाराचे दुकान, पूल, लाकडी कुंपण, आणि चौकाच्या मध्यावर ठेवण्यासाठी एक विहीर. शेवटी नावे. युरोपच्या मध्ययुगाविषयीच्या एकोणिसाव्या शतकातल्या स्मरणरंजनातून, इंग्रजी अद्भुतकथेतून आणि १९७४ मध्ये अवतरलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातून हा ठशांचा संग्रह घडत आलेला आहे. त्यात पार सापडणे कठीण, चावडी सापडणे त्याहून कठीण, आणि देवराई हवी असेल तर साध्या जंगलाच्याच ठशांवर भागवावे लागते. या उणिवेविषयी सांस्कृतिक वर्चस्वाची तक्रार करता येईल आणि ती गैर ठरणार नाही. परंतु ती उथळ आहे. उद्या कोणी पाराचा आणि चावडीचा ठसा काढून दिला तर ती संपेल. खरी अडचण ठसा मिळाल्यानंतरची आहे.

वेशीचेच पाहावे. प्रणालीत तटबंदी आहे, दरवाजाही आहे. त्या दरवाजाला 'वेस' म्हणायला काय हरकत आहे? हरकत अशी की, तो दरवाजा शत्रूसाठी आहे. राक्षस, लुटारू, हिवाळ्यातले लांडगे यांना बाहेर ठेवण्यासाठी तो बंद होतो. मराठी गावाची वेस अशा शत्रूला बाहेर ठेवी हे खरेच. पण ज्यांच्यावाचून गावाचा एक दिवसही चालत नसे अशांनाही ती बाहेर ठेवी. ज्याला रोज सकाळी कामासाठी आत बोलवायचे आणि मुक्कामाला बाहेर धाडायचे, त्याच्यासाठी असलेली सीमा कोणत्याही तटबंदीच्या ठशाने दाखवता येत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) लिहिला तेव्हा बलुत्या-अलुत्यांची ही व्यवस्था तपशिलाने नोंदवली. पुढे दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाने हेच गाव उलट्या बाजूने, म्हणजे बाहेरून आत पाहणाऱ्या नजरेने, वाचकापुढे ठेवले. या दोन पुस्तकांतले गाव एकच आहे असे म्हटले तरी त्यांचा नकाशा एक होणार नाही.

विहिरीचेही तेच. चौकात एक विहीर ठेवणे ही प्रणालीच्या दृष्टीने अत्यंत निरागस कृती आहे. ठसा उचलावा, ठेवावा, सावली कोणत्या बाजूला पडावी ते ठरवावे. परंतु २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले हे ज्या भाषेच्या स्मृतीत आहे, त्या भाषेत कल्पिलेल्या गावात 'एक विहीर' हे विधान निरागस राहू शकते काय? एकच विहीर म्हणजे सर्वांची विहीर. आणि सर्वांची विहीर असलेले गाव म्हणजे एक तर ज्याचा इतिहास वेगळा आहे असे गाव, किंवा ज्याचा इतिहास पुसला आहे असे गाव. नकाशा यांपैकी कोणते ते सांगत नाही.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो दुबळा नाही. कल्पित गाव हे विधान नसते, त्यामुळे ते खरे-खोटे नसते, आणि जे खरे-खोटे नसते त्याला इतिहासापुढे जाब देण्याचे कारण नाही. हा आक्षेप आपल्या परंपरेतही मुरलेला आहे. आनंदवर्धनाने कवीला त्याच्या सृष्टीचा प्रजापती मानले. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या आरंभीच कवीच्या निर्मितीला नियतीच्या नियमांतून मोकळे केले. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) ज्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचा ताण उलगडून दाखवला, त्यांपैकी दुसऱ्या भूमिकेचा अद्भुतकथेइतका उघड लाभार्थी दुसरा नसेल. ड्रॅगन असलेल्या गावात पाणवठ्याची विभागणी का शोधावी? जिथे गुरुत्वाकर्षणही लेखकाच्या इच्छेवर आहे तिथे जातिव्यवस्था तेवढी अपरिहार्य कशी? उलट, तिच्यावाचूनचे गाव कल्पिणे हेच कल्पनाशक्तीचे उचित कार्य नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर इतिहासाच्या दडपणात शोधण्याऐवजी माध्यमाच्या स्वरूपात शोधले पाहिजे. कथेतले वाक्य आणि नकाशावरचे चिन्ह यांत एक मूलभूत भेद आहे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रोमान इंगार्डेनने साहित्यकृतीतील अनिश्चिततेच्या जागांचा विचार मांडला. साहित्यकृतीत जे सांगितलेले नसते ते अनिर्णीत असते. नायकाच्या डोळ्यांचा रंग सांगितला नाही म्हणजे त्याचे डोळे रंगहीन ठरत नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) तरुण मास्तराबरोबर वाचकही त्या धनगरांच्या वस्तीत पायी पोहोचतो. किती घरे कोणत्या बाजूला हे त्याला नेमके सांगता येणार नाही, आणि सांगता न आल्याने त्याचे काही अडत नाही. जे अनुक्त आहे ते उघडे आहे. पुढच्या पानावर तिथे काहीही असू शकते. नकाशाचे तसे नाही. नकाशाला 'नाही' म्हणता येत नाही, 'कदाचित' म्हणता येत नाही आणि 'याविषयी नंतर' असेही म्हणता येत नाही. ज्या जागी घर काढलेले नाही त्या जागी घर नाही, असेच तो सांगतो. आणि संगणकीय नकाशात तर कोरा कागदही उरलेला नाही: आरंभीच पृष्ठभागावर काहीतरी पसरावे लागते. वस्ती काढली नाही तर त्या ठिकाणी गवत असते. ते गवत हे विधान आहे.

जे. बी. हार्ली या अभ्यासकाने १९८० च्या दशकात नकाशांतील मौनांचा जो विचार मांडला तो प्रत्यक्ष भूमीच्या, राज्यकर्त्यांनी करवून घेतलेल्या नकाशांविषयी होता. तिथे निदान मौन उघडकीस आणण्याची सोय असते. नकाशा हातात घेऊन जागेवर जावे आणि पाहावे. कल्पित गावाच्या बाबतीत जागा नाही, त्यामुळे पडताळा नाही. चुकीचा नकाशा असूच शकत नाही अशा गावात मौन कायमचे सुरक्षित होते. अलौकिकतावादी भूमिका ज्याला कल्पनेचे स्वातंत्र्य म्हणते त्याची ही दुसरी बाजू आहे, आणि स्वायत्ततेच्या चर्चेत तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

नकाशा आणि कथा यांत आधी कोण, याविषयी पाश्चात्त्य लेखकांची साक्ष उद्बोधक आहे. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'ची (१८८३) सुरुवात १८८१ च्या उन्हाळ्यात सावत्र मुलाबरोबर रंगवलेल्या एका बेटाच्या नकाशातून झाली. तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे पोहोचलाच नाही. तेव्हा लिहून झालेल्या मजकुरावरून त्याला नवा नकाशा करवून घ्यावा लागला, आणि तो नवा नकाशा आपले बेट आहे असे त्याला कधीच वाटले नाही. टॉल्किननेही आपण आधी नकाशा केला आणि कथा त्यात बसवली, असे नमूद केले आहे. याउलट आर. के. नारायण यांच्या मालगुडीचा नकाशा एका अमेरिकन अभ्यासकाने कादंबऱ्या वाचून मागाहून जुळवला. या सर्वांत प्रस्तुत प्रश्नाला थेट भिडणारा नकाशा फॉक्नरचा आहे. 'अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!' (१९३६) या कादंबरीला त्याने आपल्या कल्पित परगण्याचा नकाशा जोडला. त्यावर क्षेत्रफळ दिले: २४०० चौरस मैल. लोकसंख्या दिली, आणि ती एकत्रित न देता वर्णभेदानुसार दिली: गोरे ६२९८, कृष्णवर्णीय ९३१३. खाली या भूमीचा एकमेव मालक म्हणून स्वतःचे नाव घातले.

हा नकाशा विनोदाने केलेला आहे, आणि तरीही त्यात विलक्षण प्रामाणिकपणा आहे. बहुसंख्य कोण आणि मालक कोण, हे तो एकाच कागदावर लिहितो. मालकीचा शब्द फॉक्नरने स्वतःसाठी वापरला हे विशेष. वरून पाहणारा, एकेक घर उचलून ठेवणारा आणि हलवणारा नकाशाकार हा त्या भूमीचा कवी असण्याआधी तिचा जमीनमालक असतो. कोकणच्या भाषेत सांगायचे तर तो खोत असतो. फणसवाडीपासून काही मिनिटांच्या चालीवर खोताची वाडी आहे. खोत या शब्दाचा धाक मात्र आता तिथल्या कोणाला जाणवत नसावा. कोकणात तो दीर्घकाळ खरा होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. कुळ कोणत्या बांधाच्या आत राबेल हे ठरवण्याचा जो अधिकार कायद्याने काढून घेतला, तो संगणकाच्या पडद्यावर पुन्हा हाती येतो. तो कोणाला इजा करत नाही हे खरे. पण तो हाती आल्यावर माणूस काय करतो हे पाहण्यासारखे असते. बहुतेक जण प्रथम मोठा वाडा ठेवतात.

मराठी कथासाहित्यात नकाशा जोडण्याची प्रथा फारशी रुजली नाही. श्री. ना. पेंडशांची गारंबी, 'तुंबाडचे खोत'मधले तुंबाड, गो. नी. दांडेकरांची पडघवली ही गावे वाचकाच्या मनात पक्की वसलेली आहेत, पण ती वाटांच्या आणि माणसांच्या रूपात. जी. एं.च्या 'रमलखुणा'तले (१९७५) प्रदेश तर नकाशाला सर्वस्वी नकार देणारे आहेत. त्यांत दिशा असतात त्या अर्थाच्या, भूमीच्या नव्हेत. ही मराठी कल्पनाशक्तीची उणीव आहे असे समजण्याचे कारण नाही. जागेची नोंद शब्दांत करण्याची एक पद्धत मराठीत फार जुनी आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' ही तिचे उत्तम उदाहरण. चक्रधरांचे वास्तव्य जिथे जिथे झाले त्या गावांची, देवळांची, मठांची नोंद या ग्रंथात आहे; कोणते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, कोणते स्थान कशाच्या पूर्वेस वा पश्चिमेस आहे, हे तिथे बारकाईने सांगितले आहे. नमस्कारासाठी येणाऱ्याला स्थान सापडावे हा तिचा हेतू. म्हणजे काम नकाशाचेच, पण नजर वरची नाही. प्रत्येक दिशा कशाच्या तरी संदर्भात, जमिनीवर उभे राहून दाखवलेली आहे. पोथीतल्या गावाचा कोणी मालक नाही. त्यात फक्त येणारे आहेत.

गिरगावातला पत्ता अजूनही काहीसा याच रीतीने सांगितला जातो, याची येथे आठवण होते. या भागाची नावे गावाचीच आहेत: फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. झाडे आणि पिके गेली, शब्द राहिले. १८६५ ते १८७२ या काळात लॉटनच्या देखरेखीखाली मुंबईची तपशीलवार मोजणी झाली. त्या मोजणीच्या पत्रकांना शोधायचे होते ते मालमत्तेच्या सीमांचे उत्तर, आणि ते त्यांनी चोख दिले. मात्र वाडीचे जीवन ज्या सीमांवर चालते त्या सीमा तिथे आढळणार नाहीत. फणसवाडीत १७८३ साली स्थापन झालेला दादीशेठ आतश बेहराम आहे. तिथेच बालाजीचे देऊळ आहे. नकाशावर हे दोन बांधीव चौकोन, एकाच शाईतले. पारशी नसलेल्या माणसाचे पाऊल पहिल्याच्या उंबरठ्याशी थांबते, हे त्या चौकोनातून कळत नाही. अर्थात, एका लहान समाजाने आपल्या उपासनेभोवती आखलेली रेषा आणि गावाने आपल्याच कष्टकऱ्यांविरुद्ध आखलेली रेषा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण नकाशापुढे हे अंतरही उरत नाही, कारण दोन्ही रेषा त्याला सारख्याच अदृश्य आहेत. कोणाला कुठपर्यंत जाता येते हे दाखवणारा रंग नकाशाच्या पेटीत नाही.

तर मग नकाशाकाराने काय करावे? वेशीबाहेरची वस्ती काढावी, तर जे नष्ट व्हावे असे तिला वाटते तेच ती स्वतःच्या हाताने पुन्हा वसवते, आणि तेही मनोरंजनासाठी. काढू नये, तर गवत पसरावे लागते. समतेचे गाव काढावे, तर त्या समतेसाठी झगडलेले कोणीच त्यात दिसत नाही. ती निसर्गतःच मिळाल्यासारखी भासते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो प्रहार केला, त्याचा रोख अशाच गावावर होता: कल्पनेने आधी निर्दोष करून घेतलेल्या आणि मग आदर्श म्हणून पुढे केलेल्या. अद्भुतकथेचे गाव राज्यघटनेचा पाया होऊ पाहत नाही हे मान्य. पण रमणीयतेची प्रक्रिया तीच आहे.

या कोंडीत एक भेद उपयोगी पडतो, आणि तो संगणकप्रणालीनेच हाताशी दिलेला आहे. तिथे नकाशा थरांनी बनतो. जमिनीचा थर खाली, वास्तूंचा त्यावर, नावांचा सर्वांत वर. नावांचा थर एका कळीने बंद करता येतो, सर्व नावे बदलता येतात. खालची घरे तसूभरही हलत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो उचितच होता, उशिराने घेतलेला होता; पण तो वरच्या थरावरचा निर्णय होता. वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला होती ती तिथेच राहिली. कल्पित गावाच्या नकाशाकाराजवळ खालचा थर हलवण्याची सत्ता असते, जी कोणत्याही मंत्रिमंडळाजवळ नाही. आणि म्हणूनच तिने ती कशी वापरली याचा खुलासा कथेत मागता येतो. वस्ती आत घेतली तर ती केव्हा आली, कोणत्या वाटेने आली, तिच्या जुन्या जागेचे काय झाले, हे आता कथेला ठाऊक असले पाहिजे. बाहेर ठेवली तर तिथून गाव कसे दिसते, हेही ठाऊक असले पाहिजे. नकाशावरची जागा ही कथेने फेडायची उधारी ठरते. जिथे ती फिटत नाही तिथे नकाशा केवळ शोभेचा.

फणसवाडीतल्या त्या तरुणीने, समजा, एवढा विचार करून दुसरी विहीर ठेवली. ओढ्याच्या पलीकडे, जुन्या चिंचेखाली. ठसा तोच, सावली तीच. आता नावांच्या थराकडे येणे भाग आहे. पहिल्या विहिरीवर तिने आधीच 'विहीर' एवढेच लिहून ठेवले आहे, कारण तेव्हा ती एकटीच होती. दुसरीवर काय लिहावे यावर ती बराच वेळ अडते. जातीचे नाव लिहायचे नाही हे ठरलेले आहे. 'जुनी विहीर', 'लहान विहीर', 'चिंचेची विहीर' असे पर्याय ती घालून पाहते आणि पुसते. कोणताही शब्द लिहिला तरी एकीला विशेषण लागते आणि दुसरीला लागत नाही. अखेरीस दुसरीवरही ती 'विहीर' एवढेच लिहिते, पहिलीकडे परत जाते आणि तिथला शब्द खोडून 'वाड्याची विहीर' असे लिहिते.